आधी अडोसा, मग मासा

पनामा देशात रिओ फ्रिहोलेस नावाचा एक छोटा ओढा आहे. त्याच्या डोहांमध्ये काठाकाठाने, घोटाभर पाण्यातल्या दगडांवर शेवाळाचा दाट हिरवा पट्टा असतो. जरा खोलात उतरलं की हा पट्टा एकाएकी संपतो आणि खालचे दगड खरवडून स्वच्छ केलेले दिसतात. खरवडणारे मासे त्याच डोहात राहतात. ते अंगावर हाडांच्या तकटांचं चिलखत असलेले, दगडाला तोंड लावून शेवाळ खाणारे कॅटफिश. अन्न हाताच्या अंतरावर असताना हे मासे काठाकडे का सरकत नाहीत, हा प्रश्न मेरी पॉवर या अमेरिकी परिसरशास्त्रज्ञ बाईंना पडला. त्यांनी शोधलेलं उत्तर १९८४ साली प्रसिद्ध झालं. उथळ पाण्यात बगळे आणि खंड्ये टपलेले असतात. पाणी वीतभराहून कमी झालं की मोठा मासा चोचीच्या टप्प्यात येतो. कोरड्या ऋतूत डोहातलं शेवाळ संपत आलं, माशांची वाढ खुंटली, तरी ते उथळातल्या हिरव्या पट्ट्याकडे फिरकले नाहीत.

याच ओढ्यात पॉवर यांना आणखी एक गोष्ट दिसली. उन्हातल्या डोहांत शेवाळ भराभर वाढतं, सावलीतल्या डोहांत हळू. त्या मानानेच मासेही वाटले गेले होते: उन्हातल्या डोहांत दाटी, सावलीतल्या डोहांत तुरळक. परिणामी कुठल्याही डोहातल्या माशाच्या वाट्याला येणारं अन्न जवळपास सारखंच होतं. म्हणजे हे मासे जागा निवडतात, तोलतात, बदलतात. कुठे किती खायला मिळेल आणि तिथे जीव किती धोक्यात येईल, याचं गणित त्यांच्या अंगात लाखो वर्षांत मुरलं आहे. आपण ज्याला भित्रेपणा म्हणतो तो हा हिशेब आहे. हे एकदा मनावर ठसलं की घरच्या टँकमधला लाजाळू कॅटफिश कसा ठेवायचा, यातलं बरंचसं आपोआप सुचत जातं.

या प्रकरणातला मासा त्याच कुळातला आहे. शास्त्रीय नाव अँसिस्ट्रस, दुकानातलं नाव ब्रिसलनोज. पनामापासून अर्जेंटिनातल्या पाराना नदीच्या खोऱ्यापर्यंत त्याच्या ७०हून अधिक जाती पसरलेल्या आहेत. घराघरांत वाढणारा ब्रिसलनोज यातल्या नेमक्या कुठल्या जातीचा, हे आता कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही, इतक्या पिढ्या तो टाक्यांमध्येच जन्मतो आहे. पूर्ण वाढला तरी तो १० ते १३ सेंटिमीटरच्या आसपास राहतो. नीट सांभाळला तर दहा वर्षंही जगतो. म्हणजे पहिलीतल्या मुलाच्या हट्टापायी आणलेला मासा त्याच्या दहावीच्या परीक्षेलाही घरात असू शकतो.

दुकानात मात्र आधी एक घोटाळा निस्तरावा लागतो. मुंबईत कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटात, पुण्यात, नाशकात, कुठेही ‘काच साफ करणारा मासा द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा हातात पडतो तो सकर. बोटाएवढा, ठिपक्याठिपक्यांचा, स्वस्त. हा टेरिगोप्लिक्थिस, ब्रिसलनोजचाच भाऊबंद. पण तो ४० ते ५० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. दोन-तीन फुटी टँकमध्ये तो काही महिन्यांत मावेनासा होतो आणि मग कुणीतरी दयेपोटी त्याला नदीत किंवा तलावात सोडून देतं. ही दया फार महागात पडली आहे. तिथे त्याला खाणारं फारसं कुणी नाही, चिलखतामुळे तो जाळी फाडतो आणि वीण घालायला काठाच्या मातीत बिळं खणून काठ ढासळवतो. मेक्सिकोतल्या इन्फिएर्निलो जलाशयात तिलापियाची मोठी मासेमारी होती. हे मासे तिथे माजल्यावर कोळ्यांच्या जाळ्यांत तिलापियाच्या जागी तेच भरू लागले. आपल्याकडे उजनीच्या पाण्यातही कोळ्यांना तो सापडतो, आणि तो बाजारात कुणी विकत घेत नाही. त्यामुळे दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी छोट्या टँकसाठी सकर घेऊ नये आणि घेतलेला कुठलाही मासा उघड्या पाण्यात सोडू नये.

दोघांना ओळखायचं कसं? पाठीवरचा पंख बघा. सकरचा पंख मोठा, शिडासारखा उभा राहणारा, त्यात दहा-बारा किरणं. ब्रिसलनोजचा आखूड, साधारण सात-आठ किरणांचा. ब्रिसलनोजचं डोकं रुंद आणि चपटं असतं, अंग काळपट किंवा तपकिरी, त्यावर बारीक फिकट ठिपके. मोठा नर असेल तर ओळखायला काहीच कष्ट नाहीत, कारण त्याच्या नाकाडावर मांसल, फाटे फुटलेल्या मिशांचं रान उगवलेलं असतं. मादीला त्या नसतात, किंवा ओठाच्या कडेने बारीकशा असतात.

आपले शिंगाळा, मागूर हे बिनखवल्यांचे, गुळगुळीत अंगाचे. दक्षिण अमेरिकेतल्या या कुळाने वेगळी वाट धरली. लोरिकॅरिडी हे त्याचं नाव, आणि हजाराहून अधिक जातींचं हे कॅटफिशांमधलं सगळ्यांत मोठं कुळ आहे. अंगावर हाडांची तकटं आणि त्या तकटांवर अक्षरशः दात. दंतिन आणि इनॅमलसारख्या थरांनी बनलेले हे बारीक दात कातडीभर पसरलेले असतात, म्हणून हात फिरवला तर मासा खरखरीत लागतो. लिनियसने १७५८ साली सुरिनाममधल्या अशाच एका माशाची नोंद केली तेव्हा चिलखताकडे पाहून त्याला थेट स्टर्जन माशांच्या गटात बसवलं होतं. ब्रिसलनोजच्या गालांवर याच दातांचे लांब, आकड्यांसारखे झुबके असतात. एरवी ते मिटलेले; धोका वाटला की गाल फुगवून तो ते बाहेर काढतो आणि फटीत स्वतःला असा घट्ट अडकवतो की ओढून काढणं अशक्य. या आकड्यांची आठवण पुढे पुन्हा लागणार आहे.

तोंड खाली, ओठ बशीसारखे पसरट. काचेला चिकटलेला असताना तो श्वास कसा घेतो, हे मुलं हमखास विचारतात. ओठांच्या कडेला दोन्ही बाजूंना छोट्या मिशांपाशी खाचा असतात. त्यातून थोडं पाणी आत येत राहतं आणि पकडही सुटत नाही. याशिवाय त्याच्यापाशी एक राखीव सोय आहे. पाण्यातला प्राणवायू कमी पडला तर तो वर झेप घेऊन हवेचा घोट गिळतो आणि जठराच्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पातळ अस्तरातून त्यातला प्राणवायू शोषतो. एखाद्या वेळी असं दिसलं तर काळजी नको. पण मासा पुन्हा पुन्हा वर धावू लागला तर त्याला हवेची तहान लागली आहे असं समजावं आणि पंप, फिल्टर, पाणी तातडीने तपासावं.

डोळा मला या माशाचा सगळ्यांत सुंदर अवयव वाटतो. आपली बाहुली उजेडात चारी बाजूंनी आक्रसते. याच्या डोळ्यात बुबुळाचाच एक पडदा वरून खाली उतरतो आणि गोल बाहुलीची चंद्रकोर होते. अंधार पडला की पडदा वर सरकतो, बाहुली पुन्हा गोल. डोळ्यात जाणारा उजेड तर कमी होतोच, शिवाय डोळ्याचा काळाभोर गोल ठिपका मोडला जातो. आणि वरून न्याहाळणाऱ्या पक्ष्याला मासा ओळखू येतो तो बहुधा याच ठिपक्यावरून. पाळणाऱ्याला याचा सोपा उपयोग आहे. दिवा चालू असताना मासा उघड्यावर बसलेला असेल तेव्हा त्याच्या डोळ्यात बघा. कोर अगदी बारीक झाली असेल तर त्या जागी त्याच्या मानाने उजेड जास्त आहे.

कानांचंही सांगायला हवं. कॅटफिशांमध्ये हवेची पिशवी आणि आतला कान यांना जोडणारी हाडांची एक साखळी असते, त्यामुळे बाकीच्या अनेक माशांपेक्षा त्यांना चांगलं ऐकू येतं. काचेवर टिचकी मारून माशाला ‘उठवणं’ म्हणजे त्याच्या कानाशी ढोल बडवणं आहे. टँक दाराजवळ, टीव्हीच्या स्पीकरशेजारी किंवा धुण्याच्या मशीनच्या भिंतीला लावू नये, याचंही कारण हेच.

आता घराकडे वळू. एका जोडीसाठी ३ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच टँक पुरतो. त्यात काठोकाठ सुमारे ८५ लिटर पाणी मावतं. लहान टँकमध्ये मासा जगतो, पण पाणी फार लवकर बिघडतं, कारण हा खाणारा आणि भरपूर घाण करणारा प्राणी आहे. तो टँक ‘साफ करतो’ ही समजूत डोक्यातून काढून टाकावी. तो काचेवरचं शेवाळ खातो आणि त्याहून जास्त विष्ठा तळाशी टाकतो. फिल्टर दणकट हवा. दर आठवड्याला पंचवीस ते तीस टक्के पाणी बदलावं, नळाच्या पाण्यात आधी अँटिक्लोरिन घालावं. तापमान २३ ते २७ अंश सेल्सिअस, सामू साडेसहा ते साडेसात. टाक्यांमध्येच पिढ्या काढलेला हा मासा बोअरचं मध्यम जड पाणीही सोसतो.

आपल्याकडे खरी परीक्षा थंडीची नसते, एप्रिल-मेची असते. पाणी तापतं तसा त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. आणि नेमकी तेव्हाच माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. विदर्भ-मराठवाड्यात टँकवर छोटा पंखा लावला तर पृष्ठभागावरून बाष्पीभवन होऊन पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. फिल्टरच्या धारेने पाणी खळखळत ठेवावं. वीज जाण्याचा भरवसा नसेल तिथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असायलाच हवा. हिटरपेक्षा त्यावर केलेला खर्च मी जास्त गरजेचा मानतो.

टँक नवा असेल तर मासा आणायची घाई करू नये. माशाच्या घाणीतून निघणारा अमोनिया आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात लाकडावर, दगडांवर एक बुळबुळीत पातळ थरही चढतो. ब्रिसलनोजसाठी तो थर म्हणजे चराऊ कुरण. जुन्या, मुरलेल्या टँकमध्ये सोडलेला मासा पहिल्याच रात्री खायला लागतो. नव्या चकचकीत टँकमध्ये त्याला खरवडायला काहीच नसतं.

आणि अडोसा. माझ्या मते या माशाच्या पालनाचं निम्मं यश इथे ठरतं. बहुतेक लोक उलट विचार करतात: लपायला जागा दिली तर मासा कधी दिसणारच नाही, म्हणून टँक मोकळा ठेवू. मोकळ्या टँकमधला ब्रिसलनोज फिल्टरच्या मागे, हिटरला चिकटून, एखाद्या कोपऱ्यात दिवसेंदिवस दबून राहतो. हिटरला चिकटलेला मासा भाजतोही. त्याच टँकमध्ये दोन-तीन पक्क्या गुहा ठेवल्या, एखादं मोठं ड्रिफ्टवुड आडवं टाकलं, की काही आठवड्यांत तो संध्याकाळच्या उजेडात लाकडावर येऊन बसतो. पळून जायची जागा शेपटीच्या एका फटक्यावर आहे हे ठाऊक असलं की बाहेर पडायची जोखीम परवडते. पनामातल्या ओढ्यातलं गणित ते हेच.

गुहा कशी असावी, याबद्दल मात्र चोखंदळ असावं. प्रशस्त गुहा त्याला आवडत नाही. पाठ, पोट आणि दोन्ही बाजूंचे पंख भिंतींना टेकतील इतपत अरुंद, अंगाच्या दीडपट लांब आणि एका बाजूने बंद, अशी जागा तो निवडतो. दुकानात यासाठी मातीच्या नळ्या मिळतात. जुन्या घराची नळीची कौलं मिळाली तर दोन कौलं एकमेकांवर पालथी ठेवून मागचं तोंड दगडाने बंद केलं की उत्तम गुहा होते. कौल घासून, उकळत्या पाण्यातून काढून घ्यावं, साबण लावू नये. कोकणात नारळाची करवंटी आहेच: आतलं खोबरं पूर्ण खरवडावं, एक-दोनदा उकळावी, कडेला दार कापावं आणि वाळूवर पालथी घालावी. रंगवलेली किंवा चकाकी दिलेली भांडी टाळावीत. प्रत्येक माशामागे किमान एक गुहा आणि वर एक शिल्लक, म्हणजे भांडणं होत नाहीत.

ड्रिफ्टवुड हे त्याचं बसायचं, खरवडायचं आणि लपायचं ठिकाण. तो लाकडाचा भुसा गिळतोही, पण पोषण मिळतं ते लाकडावर वाढलेल्या सूक्ष्म जीवांच्या थरातून. लाकूड आठवडाभर भिजवून, पाणी बदलत राहून मगच टाकावं. तरीही पाण्याला काही दिवस तपकिरी छटा येते. ती काढायच्या खटपटीत पडू नये. तिने उजेड मवाळ होतो आणि माशाला ते मानवतं.

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते छताकडे. या माशाच्या पूर्वजांचा शत्रू वरून येत होता आणि टँकमध्येही जे जे भयंकर ते वरूनच येतं: झाकण उघडतं, दिवा भडकतो, हात पाण्यात घुसतो. म्हणून पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतींनी निम्मा पृष्ठभाग झाकावा. जलकुंभी टँकला फार मोठी होते. साल्व्हिनिया किंवा पिस्टिया पुरे. टँकच्या मागच्या आणि एका बाजूच्या काचेला गडद कागद लावावा. रात्री आधी टँकचा दिवा मालवावा, खोलीतला अर्ध्या तासाने. म्हणजे अंधार एकाएकी कोसळत नाही. वरच्या थरात निऑन टेट्रासारखे छोटे मासे निवांत फिरत असतील तर ब्रिसलनोजही लवकर धीट होतो. उघड्यावर फिरणाऱ्यांना कुणी खात नाही, हे तोही पाहत असावा. गप्पी, कोरिडोरास, एंजल हे शेजारी चालतात. फ्लॉवरहॉर्नसारखा दांडगा सिक्लिड नको. दोन मोठे नर एका छोट्या टँकमध्ये मुळीच नकोत.

मासा आणल्यावर पहिले काही आठवडे तो दिसणार नाही, हे गृहीत धरावं. इथे माणसाचा धीर सुटतो. जिवंत आहे की नाही बघायला तो लाकूड उचलतो, गुहेत टॉर्च मारतो. प्रत्येक वेळी माशाला एकच गोष्ट कळते: ही जागा भरवशाची नाही. मग तो आणखी अडचणीची जागा शोधतो. मासा शोधण्याऐवजी त्याच्या खुणा वाचायला शिकावं. काचेवरच्या शेवाळात सकाळी स्वच्छ, गोलसर चट्टे दिसतात. ती त्याच्या ओठांची वाट. लाकडाखाली बारीक भुशाचा सडा पडतो. विष्ठेचे लांब तपकिरी दोरे वाळूवर दिसले म्हणजे पोट चालू आहे. रात्री टाकलेल्या भाजीला गोल कुरतडल्याच्या खुणा असतात. आणि कधी तो समोरच्या काचेला चिकटला की पोटाकडे बघायची आयती संधी मिळते. पोट सपाट किंवा किंचित फुगीर असावं. आत खपाटीला गेलं असेल तर मासा उपाशी आहे. रात्री बघायचंच असेल तर लांब ठेवलेला मंद लाल दिवा चालतो.

उपाशी राहण्याचं कारण बहुधा ‘तो शेवाळ खातो की’ ही समजूत असते. काचेवरचं शेवाळ चार दिवसांत संपतं. त्याचं आतडं शरीराच्या कितीतरी पट लांब, गुंडाळी करून ठेवलेलं. कमी कसाचा पालापाचोळा सतत खात राहायचा, अशी ती व्यवस्था आहे. म्हणून रोज थोडं, बहुतेक वनस्पतीजन्य. तळाशी बुडणाऱ्या शेवाळाच्या गोळ्या मिळतात, त्या रात्री दिवा मालवल्यावर टाकाव्यात, नाहीतर वरचे मासे फस्त करतात. बाकी आपली मंडई पुरेशी आहे. दुधीची चकती, काकडी, पालकाची पानं, मटाराचे सोललेले दाणे. दुधी आणि पालक मिनिटभर उकळत्या पाण्यात धरावेत, म्हणजे मऊ होऊन बुडतात. चकतीत स्टीलचा काटा खोचला की ती तळाशी राहते. फवारणीची शंका असते, तेव्हा भाजी नीट धुवावी, साल काढावी. सकाळी उरलेला चोथा काढून टाकावा, नाहीतर उन्हाळ्यात दुपारपर्यंत पाणी गढूळ होतं. आठवड्यातून एक-दोनदा थोडं प्रथिनयुक्त खाद्य द्यावं, विशेषतः मादीला. अन्न टाकायची जागा ठरलेली आणि गुहेजवळची असावी. मोकळ्या मैदानाच्या मध्यावर टाकलेली चकती तो पहाटेपर्यंत हातही लावणार नाही.

असा स्थिरावलेला नर साधारण वर्षाचा झाला की एक गुहा आपली म्हणून धरतो. दिवसचे दिवस तो तीच चाटून साफ करतो. एखाद्या दिवशी थोडं थंड पाणी घालून बदल केला, पावसाची पहिली सर आल्यासारखं झालं, की मादी गुहेत शिरते. आत नारिंगी, मोत्यांएवढ्या अंड्यांचा एक घोस घातला जातो, काही डझनांपासून शंभराच्या आसपास. मादी निघून जाते. पुढचं सगळं बाप करतो. तो अंड्यांवर पंखांनी सतत पाणी वाहतं ठेवतो, बुरशी धरलेली अंडी वेगळी करतो, गुहेच्या तोंडाशी अंग आडवं घालतो, खायला क्वचितच बाहेर पडतो. चार-सहा दिवसांत अंडी फुटतात. पिल्लांच्या पोटाशी पिवळ्या बलकाची पिशवी असते. ती संपेपर्यंत आणखी आठवडाभर ती बापाच्या पंखांखाली, छताला चिकटून राहतात.

नराच्या मिशांचं कोडं इथे येतं. त्या नरालाच का असतात? मार्क सबाज, जॉनाथन आर्मब्रस्टर आणि लॉरेन्स पेज यांनी १९९९ साली एक तर्क मांडला. या कुळातल्या माद्या पिल्लं सांभाळत असलेल्या नराकडे जास्त आकर्षित होतात, कारण तो चांगला बाप आहे याचा पुरावा त्याच्या गुहेतच असतो. मग ज्या नराच्या तोंडावर पिल्लांसारख्या वळवळणाऱ्या मिशा आहेत, तो पिल्लं नसतानाही बाप असल्यासारखा दिसेल. म्हणजे या मिशा पिल्लांची नक्कल करत असाव्यात. हा तर्क आहे, पण नर गुहेच्या तोंडाशी डोकं बाहेर काढून बसलेला असताना त्या मिशा पाण्याच्या प्रवाहात हलताना पाहिल्या की तो पटू लागतो. या काळात गुहेला हात लावू नये. नर बिथरला तर अंडी बाहेर ढकलून देतो, आणि बाहेर पडलेली अंडी बाकीचे मासे खातात.

पिल्लं गुहेबाहेर आली की त्यांना मऊ पालक आणि दुधी सतत लागतात; भूक हेच त्यांच्या मरणाचं मोठं कारण असतं. दर दीड-दोन महिन्यांनी वीण होऊ लागली तर पिल्लांचं काय करायचं, याचा विचार आधीच करावा. ओळखीतले हौशी लोक, दुकानदार घेतात. कुणीच घेणारं नसेल तर नर-मादी वेगळे ठेवावेत.

ब्रिसलनोजमध्ये मन रमलं की नजर त्याच्या देखण्या चुलतभावाकडे जाते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा प्लेको, हायपॅन्सिस्ट्रस झेब्रा. नाव मिळायच्या आतच बाजारात येणाऱ्या या कुळातल्या माशांसाठी १९८८ साली एका जर्मन मासिकाने क्रमांक द्यायला सुरुवात केली. झेब्राला मिळाला एल-४६. शास्त्रीय नाव १९९१ साली मिळालं. तो राहतो फक्त ब्राझीलच्या शिंगू नदीच्या मोठ्या वळणात, वेगवान पाण्याखालच्या खडकांच्या फटींमध्ये. दुसरीकडे कुठेही नाही. त्याच वळणाच्या वर बेलो मॉन्ते धरण बांधलं गेलं, २०१६ पासून तिथे वीज तयार होऊ लागली, आणि त्यासाठी नदीचं बरंचसं पाणी वळणाला वगळून कालव्याने नेलं जातं. फटीत राहणाऱ्या माशाला दुसरी नदी शोधता येत नाही. ब्राझीलने त्याच्या निर्यातीवर आधीच बंदी घातली होती. २०२२ साली साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराने त्याला सर्वांत कडक संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टात घेतलं. कुणी कागदपत्रांशिवाय झेब्रा विकत असेल तर तो घेऊ नये, तो कितीही सुंदर असला तरी. पट्ट्यांची हौस मोठी आहे, पण जी सवय पाहण्यासाठी आपण हा मासा ठेवतो, ती सगळी साध्या तपकिरी ब्रिसलनोजमध्ये आहे.

शेवटचा व्यावहारिक मुद्दा हलवण्याचा. टँक धुवायचा असो की घर बदलायचं असो, या माशाला जाळीने धरू नये. गालांवरचे आकडे आणि पंखांचे काटे जाळीत अडकतात. सोडवताना माशाला जखम होते आणि बोटही रक्ताळतं. तो गुहेत असताना गुहेचं तोंड तळहाताने झाकावं आणि गुहेसकट, पाण्यासकट उचलून झाकणाच्या बादलीत ठेवावं. प्रवास असेल तर आदल्या दिवशी खायला देऊ नये, म्हणजे बादलीतलं पाणी खराब होत नाही. प्लास्टिकची पिशवी वापरावीच लागली तर एकात एक दोन घ्याव्यात, काट्याने एक फुटतेच. फिल्टरमधला स्पंज जुन्या पाण्यात ओला ठेवून सोबत न्यावा. नव्या ठिकाणी टँक भरला, फिल्टर सुरू झाला, पाण्याचं तापमान जुळलं, की तीच गुहा माशासह तळाशी ठेवावी, तोंड भिंतीकडे करून. त्या दिवशी टँकचा दिवा लावू नये आणि खायलाही देऊ नये. दुसऱ्या रात्री दुधीची एक चकती गुहेशेजारी ठेवावी.